नंबर शून्यावर कसा आणावा

चष्मा शोधायला चष्मा लागतो, हे ज्यांना समजावून सांगावं लागत नाही त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. बाकीच्यांनी पान उलटावं. तुमचे डोळे चांगले आहेत, पुढचा लेख तुम्हाला लांबूनही दिसेल.

लेखिकेची पात्रता आधी सांगते. तिसरीत फळ्यावरचे 'भ' आणि 'म' सारखेच दिसायला लागले, दिवाळीच्या सुट्टीत चष्मा आला आणि शाळा उघडली त्या दिवशी 'ढापणी' ही पदवी मिळाली. नंबर इयत्तेसारखा दर वर्षी वाढत गेला आणि मायनस सहावर येऊन थांबला. अडतिसाव्या वर्षी तो लेझरने काढला. वैद्यकीय शिक्षण काही नाही. म्हणजे ऑपरेशन कसं करावं हे इथे कळणार नाही, करून कसं घ्यावं एवढंच कळेल. करून घेणाऱ्याला टेबलावर जवळजवळ काहीच करायचं नसतं, आणि तेच सगळ्यात अवघड असतं.

प्रकरणांना क्रमांक दिले आहेत ते चष्म्याच्या दुकानात सांगतात तसे. एकेक पायरी उतरत शून्यावर यायचं. शून्यानंतर एक प्रकरण आहे, ते आत्ताच उघडून बघू नये.

मायनस साडेसात

पैशांचं आधी उरकू. आरोग्यविमा आहे म्हणून निश्चिंत असाल, तर पॉलिसीचं बारीक अक्षरातलं पान चष्मा लावून वाचा. कंपनी कुठला खर्च देणार नाही याची विमा नियामकाने ठरवून दिलेली यादी असते आणि तिच्यात स्वच्छ लिहिलेलं असतं, की ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च मिळणार नाही. माझा सहा. तुझा नंबर कमी पडतोय, असं आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं. "दीडासाठी गेलं गं," असं नवरा हळहळला, जणू माझी गुणवत्ता यादी हुकली होती. खरी गंमत पुढे आहे. साडेसातच्या वर जसजसे जाल तसतसा विमा जवळ येतो आणि लेझर लांब जातो. का, ते मायनस साडेतीनमध्ये.

पोलीस, लष्कर, रेल्वे अशा भरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी त्या पदाची जाहिरात वाचावी आणि मगच डोळ्याला हात लावू द्यावा. काही पदांना हे ऑपरेशन चालतं, काहींना ठरावीक काळ उलटल्यावर चालतं, काहींना मुळीच चालत नाही.

मायनस सहा

"का करायचंय?" असं डॉक्टर विचारतात. उत्तर घरूनच ठरवून जा. पुष्कळ जण लग्नाच्या बायोडेटातल्या 'चष्मा : नाही' या एका ओळीसाठी येतात आणि 'करिअरसाठी' असं सांगतात. माझं कारण साधं होतं. चष्म्याशिवाय मला स्वच्छ दिसायचं ते नाकापासून साधारण १७ सेंटिमीटरपर्यंत. एक मीटर भागिले सहा, की आलं उत्तर. वीतभरसुद्धा नाही. त्यापलीकडे जग सुरू व्हायचं ते अंदाजाने. रात्री मूल रडलं की मी आधी चष्मा चाचपायचे, मग मूल. पावसात स्कूटरवर तर मी देवाच्या आणि मागच्या माणसाच्या हॉर्नच्या भरवशावर असायचे.

आता घरच्यांची संमती. ती रुग्णालयाच्या संमतिपत्रापेक्षा लांबलचक असते. आत्याने गाजराचा रस सांगितला आणि काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळायला सांगितलं. तूप चोळल्यावर झोप उत्तम लागते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. पण मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा मागेपुढे थोडा लांब झालेला असतो. प्रतिमा पडद्यावर पडायची ती पडद्याच्या अलीकडेच पडते. तळपाय कितीही घासले तरी गोळा आखूड होत नाही, आणि हे ऑपरेशनही तो आखूड करत नाही. ते फक्त समोरच्या काचेला, कॉर्नियाला, थोडा सपाट आकार देतं, म्हणजे प्रतिमा मागे सरकून पडद्यावर येते. डोळा होता तसाच लांबट राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

सासूबाईंचा प्रश्न मात्र बिनतोड होता. "लेझर? ते गणपतीत लावतात तेच ना?"

विसर्जन मिरवणुकीतल्या लेझरमुळे तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या पुण्या-कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या, त्यामुळे हसून सोडून देता येईना. फरक असा आहे. मिरवणुकीतला हिरवा झोत दिसतो, कारण तो कॉर्नियातून आणि भिंगातून आरपार आत जातो. आपलं भिंग बिचारं इमानदार, ते त्याला नेहमीच्या सवयीने पडद्यावर एका बिंदूत गोळा करून देतं. भाजतं ते तिथे. नंबर काढणारा एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरचा, अतिनील, न दिसणारा. तो कॉर्नियाच्या अगदी वरच्या थरातच शोषला जातो, आत शिरायची त्याची ऐपतच नसते. एकेका ठोक्याला मायक्रॉनच्या अंशाएवढा थर उडतो आणि खालचा भाग भाजत नाही.

"दिसतच नाही, तर लागला हे कळतं कसं?" सासूबाई म्हणाल्या. संमती मिळाली, पण चर्चा संपली नाही.

मायनस पाच

तपासणीला जायच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स सोडाव्या लागतात. मऊ लेन्स साधारण एक-दोन आठवडे आधी, कडक असतील तर तीन-चार आठवडे. लेन्स कॉर्नियाला दाबून ठेवते आणि दाबलेल्या कॉर्नियाचं माप घेणं म्हणजे पोट आत ओढून शिंप्याकडे उभं राहणं.

मग तीन तास यंत्रांपुढे हनुवटी टेकवत फिरायचं. एक यंत्र कॉर्नियाची जाडी मोजतं. एक त्याच्या उंचसखलपणाचा रंगीत नकाशा काढतं, हवामान खात्यासारखा, आणि त्यात लाल पट्टा दिसला की डॉक्टर वादळाची सूचना आल्यासारखे गप्प होतात. ते शोधत असतात केराटोकोनस. यात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्याला हे लेझर म्हणजे पडक्या भिंतीला खिडकी पाडणं. डोळे सारखे चोळणाऱ्यांना हा धोका जास्त, म्हणून "डोळे चोळता का?" असं विचारलं जातं. तेव्हा मी नेमका डोळा चोळत होते.

खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात आणि कागद किती मिलिमीटर भिजला ते पाहतात. दहाच्या पुढे भिजला तर साधारण ठीक. अश्रू मिलिमीटरमध्ये मोजणारी ही बहुधा जगातली एकमेव परीक्षा. घरी भांडण झालेलं असेल तर त्याच दिवशी जाण्याचा मोह होतो, पण कोरडे डोळे लपवून फायदा काही नाही. ऑपरेशनमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा तुटतात आणि कोरडेपणा आणखी वाढतो, तो काही महिने टिकतो.

अक्षरांच्या तक्त्याविषयी एक कबुली. शेवटची ओळ मी लहानपणापासून पाठ करत आले आहे. तपासणाऱ्या बाईंची पाठ वळली की डाव्या डोळ्याची ओळ उजव्यासाठी लक्षात ठेवायची, ही कला प्रत्येक चष्मेवाल्याला येते. इथे ती अजिबात वापरू नका. परीक्षेत कॉपी केली की पास होतो, इथे चुकीचा नंबर डोळ्यावर कायमचा कोरला जातो.

सगळ्यात शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा तपासतात. या थेंबांनंतर काही तास जवळचं पुसट दिसतं आणि उजेड अंगावर येतो. "स्वतः गाडी चालवत येऊ नका," असं फोनवर सांगितलेलं असतं. मी स्कूटर घेऊन गेले होते. भर दुपारी बारा वाजता, बाहुल्या रुपयाएवढ्या करून, मी पार्किंगमध्ये झाडाच्या सावलीत दोन तास उभी राहिले आणि वॉचमनने तीनदा विचारलं, "ताई, कोणी येणार आहे का?"

या फेरीतून परत पाठवले जाणारे बरेच असतात. अठरा पूर्ण नसलेले, वर्षभरात नंबर हललेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या, संधिवातासारखा आजार असलेले, कॉर्निया मुळातच पातळ असलेले. ज्यांना नाही म्हटलं जातं त्यांनी पेढे वाटावेत. नाही म्हणायला डॉक्टरला काहीच मिळत नाही, तरी तो म्हणाला.

मायनस साडेतीन

हिशेब. महिनाअखेरीचं घरखर्चाचं गणित ज्याला जमतं त्याला हे जमेल.

मध्यभागी कॉर्नियाची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. ही तुमची जमा. लॅसिक या प्रकारात वरचा एक पापुद्रा उचलतात, त्याचे साधारण ११० गेले. ते परत बसवतात, पण मजबुतीच्या हिशेबात ते धरायचे नाहीत, मेव्हण्याला दिलेल्या उसन्यासारखे. नंतर एका डायॉप्टरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन उडवायचे. माझे सहा, म्हणजे ऐंशीच्या घरात. एका केसाच्या जाडीइतकं! तीस वर्षं नाकावर काचा वाहिल्या त्या केसभर जाडीसाठी. खाली शिल्लक राहायला हवेत किमान २५०, आणि सावध डॉक्टर ३०० च्या खाली उतरत नाहीत. माझे ३५० उरत होते. दहा नंबरवाल्याचा हिशेब मात्र काठावर येतो किंवा बसतच नाही, मग विमा खुशाल मिळो. त्याच्यासाठी डोळ्याच्या आत बसवायची भिंगं असतात, पण ती या पुस्तिकेबाहेरची.

कॉर्निया कातायची कल्पना लेझरहून जुनी आहे. बोगोटात होसे बराकेर नावाचे डॉक्टर कॉर्नियाची चकती काढायचे, ती गोठवायचे, छोट्याशा लेथवर कातायचे आणि परत डोळ्यावर शिवायचे. पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपवाल्यांना ही पद्धत मनापासून पटेल. मॉस्कोत स्वियातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा देऊन नंबर उतरवायला सुरुवात केली. पुढे तर त्यांच्या संस्थेत रुग्ण सरकत्या पट्ट्यावरून एका सर्जनकडून दुसऱ्याकडे जायचे, बाटल्या भरायच्या कारखान्यासारखे.

पण मला सगळ्यात आवडते ती टर्कीची गोष्ट. मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत एक्सायमर लेझरने प्लास्टिकवर कोरीवकाम करत होते. लेझर आसपास न भाजता नेमकं कोरतो हे दिसत होतं. मग जिवंत प्राण्याच्या ऊतीवर काय होईल? नोव्हेंबर १९८१ मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरी जेवणातून उरलेला टर्की प्रयोगशाळेत आणला आणि त्याच्यावर लेझर चालवला. कूर्चेवर स्वच्छ खाच पडली, जळल्याची खूण नाही. आपल्याकडे उरलेल्या पोळ्यांचा फार तर कुस्करा होतो. जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी, आणि पुढे तिघांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं. स्टीव्हन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने ते काम कॉर्नियापर्यंत आणलं आणि १९८८ मध्ये मार्गरीट मॅक्डोनल्ड यांनी दिसणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर ते पहिल्यांदा केलं. आत्याला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "शिळं होतं का?"

मायनस दोन

आता पाटी वाचा. काउंटरवर प्रकार सांगतात ते साधी थाळी, स्पेशल थाळी, राजस्थानी थाळी या चालीवर. नावं दर दोन वर्षांनी बदलतात, पण मुळात तीनच पदार्थ आहेत. पीआरकेमध्ये वरची नाजूक त्वचा खरवडून काढतात आणि थेट लेझर मारतात. पापुद्रा कापायचा नसल्यामुळे पातळ कॉर्नियाला बरं, पण ती त्वचा परत येईपर्यंत चार-पाच दिवस डोळ्यात वाळू असल्यासारखं वाटतं. लॅसिकमध्ये पापुद्रा उचलून त्याखाली लेझर. स्माइलमध्ये दुसरा एक लेझर कॉर्नियाच्या पोटात एक पातळ चकती आखतो आणि ती दोन-चार मिलिमीटरच्या फटीतून ओढून काढतात, फणसातला गरा काढावा तशी. माझं लॅसिक झालं. यापैकी जो प्रकार तुमच्या कॉर्नियाला चालतो तो घ्या, शेजाऱ्यांच्या मुलाने घेतला तो नको.

आदल्या रात्री केसांवरून न्हाऊन घ्या, नंतर बरेच दिवस जमणार नाही. दुसऱ्या दिवशी काजळ, पावडर, अत्तर, डिओ काहीही नाही. सुगंधाच्या वाफाही लेझरच्या कामात ढवळाढवळ करतात. संमतिपत्रावर कोरडेपणा, रात्रीची चकाकी, जंतुसंसर्ग, थोडा नंबर उरणं, पुन्हा करावं लागणं, क्वचित कॉर्निया पुढे येणं असं सगळं छापलेलं असतं. ते वाचा. मी नवऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं, तो 'क्वचित' हा शब्द प्रत्येक ओळीला स्वतःहून घालत होता.

मायनस एक

टेबलावर तुम्ही पूर्ण जागे असता. इंजेक्शन नाही, फक्त बधिर करणारे थेंब. मग पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा एक चिमटा बसतो. 'डोळे फाडून बघणे' हा वाक्प्रचार शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता शिकला होतात, त्याचा प्रत्यक्ष उपयोग हा. पापणी मिटायची इच्छा होत राहते, मिटत मात्र नाही. दोन मिनिटांत इच्छा थकते.

पहिलं यंत्र डोळ्यावर एक कडं ठेवून हवा ओढून घेतं. दाब येतो, दिसणं पुसट होत होत काळं पडतं. "अंधार येईल, घाबरू नका," असं डॉक्टर म्हणतात. नेमकं तेव्हाच माणूस घाबरतो. काही सेकंदच असतात, पण मी त्यात मारुतिस्तोत्र दोन कडव्यांपर्यंत आणलं. याच सेकंदांत फेम्टोसेकंद लेझर पापुद्रा आखून मोकळा झालेला असतो. एवढे आखूड आणि तीव्र प्रकाशाचे ठोके तयार करायची युक्ती जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांची. त्यांना त्याबद्दल २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते नोबेल आत्ता तुमच्या बुबुळावर चाललेलं असतं आणि तुम्ही भीमरूपी महारुद्रा म्हणत असता.

मग पलंग सरकतो दुसऱ्या यंत्राखाली. डॉक्टर पापुद्रा बाजूला करतात, दुधावरची साय चमच्याने कडेला सारावी तसा. जग एकदम पाण्याखाली गेल्यासारखं होतं. 'डोळ्यांवर कातडं ओढणे' हे आपण राजकारण्यांबद्दल म्हणतो. इथे आधी ते उचलतात आणि नंतर स्वतः डॉक्टरच परत ओढतात, त्याचे पैसेही घेतात.

"हिरव्या दिव्याकडे बघा." हे तुमचं एकमेव काम. दिवा पसरतो, फाटतो, चांदण्यांसारखा होतो, तरी त्याच्याकडेच बघत राहायचं. डोळा किंचित हलला तर यंत्र त्याच्यामागे जातं, फार हलला तर थांबतं. टकटकटक असा आवाज येतो. बाजूला एक मुलगी टक्के मोजत असते, "तीस... साठ... नव्वद..." आणि वास येतो, केस जळल्यासारखा. कुणीही आधी सांगितलेलं असलं तरी हा वास स्वतःच्या डोळ्यातून येतोय हे कळल्यावर पाय आखडतात. खरं तर जळत काही नसतं, उडालेल्या कणांचा तो वास. माझ्या हातात त्यांनी दाबायला एक स्पंजचा चेंडू दिला होता. दुसऱ्या डोळ्यापर्यंत त्याची चपाती झाली होती.

पापुद्रा परत बसवतात, पुसतात, गुळगुळीत करतात. टाका नाही, डिंक नाही. कॉर्नियाच्या आतल्या बाजूच्या पेशी पाणी बाहेर ओढत राहतात आणि त्या ओढीनेच पापुद्रा चिकटून बसतो. दोन्ही डोळे मिळून पाव तास. उठून बसल्यावर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं, धुक्यातून, पण काटे दिसले. सव्वाअकरा. मी रडायला लागले तेव्हा नर्सबाई ओरडल्या, "पुसू नका!"

मायनस पाव

घरी जाताना रिक्षात डोळे मिटून बसा. अर्ध्या-पाऊण तासात भूल उतरते आणि कुणीतरी डोळ्यांत कांद्याची पाती पिळल्यासारखं होतं. पाणी वाहतं, उजेड नको होतो. यावर एकच उपाय, झोप. चार-पाच तास डोळा लागला की बराचसा त्रास ओसरलेला असतो. झोपताना प्लॅस्टिकच्या पारदर्शक वाट्या डोळ्यांवर चिकटपट्टीने लावतात, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातोच. पहिल्या रात्री पाणी प्यायला उठले तर धाकटीने दिवा लावला आणि मला पाहून परत घालवला.

यापुढचा आठवडा थेंबांचा. अँटिबायोटिकचे वेगळे, स्टेरॉइडचे वेगळे आणि तेही उतरत्या क्रमाने, शिवाय अश्रूंचे. दोन थेंबांमध्ये किमान पाच मिनिटं, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. डोळ्यांत तेल घालून जागणं म्हणतात ते हेच असावं. पाचवीतल्या थोरल्या मुलीने वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं आणि घरात पहिल्यांदाच मला कुणीतरी "आधी औषध, मग फोन" म्हणालं. कृत्रिम अश्रू या नावाची चेष्टा सगळे करतात. महिन्याचं बिल आल्यावर थांबतात, कारण खरे फुकट येत होते.

मनाई केलेल्या गोष्टींची यादी लांब आहे, पण स्वयंपाकघरातल्या माणसासाठी ती फोडणीपाशी सुरू होते. मोहरी तडतडली की तिला दिशा नसते. मी आठवडाभर पारदर्शक गॉगल लावून पोहे केले. केस मान मागे टाकून, दुसऱ्याकडून धुऊन घ्यायचे. काजळ आणि डोळ्यांचा मेकअप काही आठवडे बंद, पोहणं साधारण महिनाभर बंद. रंगपंचमी जवळ आली असेल तर आजारी पडा. आणि डोळे चोळायचे नाहीत, कधीही नाहीत. पापुद्र्याची कड लवकर भरून येते, पण त्याची पकड पहिल्यासारखी कधीच होत नाही. जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही तो सरकू शकतो. कुस्ती किंवा मुष्टियुद्ध करणाऱ्यांना म्हणून पीआरके किंवा स्माइलकडे वळवतात. तान्हं मूल मांडीवर असेल तर त्याची नखं काढा.

शून्य

दुसऱ्या दिवशी सकाळी हात उशीशेजारच्या स्टुलावर जातो. चष्मा नसतो. हात चाचपत राहतो, पाण्याचा पेला पाडतो, आणि मग लक्षात येतं की पडलेला पेला दिसतोय. हा हात सुधारायला डोळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. माझा पुढचे तीन महिने नाकावरचा चष्मा वर सरकवत होता. बँकेतल्या मॅडमना वाटलं मी त्यांना काही खूण करतेय.

तपासणीत सहा बाय सहा. ओळ पाठ नसताना.

आणि मग दिसतं. पंख्याच्या पात्यांवरची जळमटं, फरश्यांमधल्या काळ्या रेघा, आरशातली स्वतःच्या डोळ्यांखालची वर्तुळं, जी आधी फ्रेमची सावली म्हणून खपत होती. चष्मेवाल्यांची आंघोळ तीस वर्षं अंदाजाने झालेली असते. मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून आंघोळ केली तेव्हा वरच्या कोपऱ्यात पाल होती. तिची माझी ओळख नसली तरी तिला माझी असावी, ती मुळीच हलली नाही.

रात्री रस्त्यावरच्या दिव्यांना खळं पडतं, चंद्राला पडतं तसं. समोरच्या गाडीचे दिवे दांडियाच्या काठ्यांसारखे लांबट पसरतात. बहुतेकांचं हे काही महिन्यांत निवतं, काहींचं थोडं उरतं. रात्रीचं ड्रायव्हिंग ज्यांचं पोटापाण्याचं असेल त्यांनी हे आधी विचारात घ्यावं. मला उरलंय थोडं, डाव्या डोळ्याला. दिवाळीत छान दिसतं.

दोन कामं शून्यावर आल्यानंतरही सुटत नाहीत. एक, वर्षातून एकदा पडदा तपासून घेणं. गोळा अजून तसाच लांब आहे, ताणलेल्या पडद्याला भोक पडायचा धोका नंबराबरोबर गेलेला नाही. एकदम काळे ठिपके नाचले किंवा कडेला वीज चमकल्यासारखं झालं, तर 'माझा नंबर तर गेलाय' म्हणून बसू नका. दोन, फाइल. ऑपरेशनच्या आधीची मापं असलेली ती फाइल घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू झाला, की आत कुठल्या नंबरचं भिंग बसवायचं याचं गणित बदललेल्या कॉर्नियामुळे चुकू शकतं, तेव्हा ही जुनी मापं कामी येतात. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजला जातो तोही पातळ कॉर्नियामुळे असतो त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरला आधीच सांगायचं. आमची फाइल लाइट बिलांच्या पिशवीत आहे. नवरा म्हणतो सुरक्षित आहे.

प्लस सव्वा

डॉक्टरांनी सांगितलं होतं. अडतीस म्हणजे उशीरच आहे, म्हणाले. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग कडक होऊ लागतं आणि जवळचं बघायला फुगत नाही. हे प्रत्येकाचं होतं. मायनसवाल्यांची एक सोय असते, चष्मा काढला की जवळचं वाचता येतं. ऑपरेशननंतर ती सोय जाईल. एका डोळ्याला थोडा मायनस ठेवू का, म्हणजे एक डोळा लांबचं पाहील, दुसरा जवळचं? मी ठामपणे नाही म्हटलं. घेतेय तर पूर्ण घेते, साडीसोबतचं ब्लाऊजपीस दुकानात कोण सोडतं.

बेचाळिसाव्या वर्षी अश्रूंच्या बाटलीवरची तारीख वाचता येईना. बाटली लांब धरली, मग हात कमी पडला. सुईत दोरा थोरलीने ओवून दिला. पूर्वी हेच काम मी चष्मा काढून, सुई नाकाशी धरून, अर्ध्या मिनिटात करायचे आणि सासूबाई कौतुकाने बघायच्या. आता त्या चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, "चाळिशी लागली गं तुला." आपल्या भाषेत त्या वयाचं आणि त्या चष्म्याचं नाव एकच आहे, हे मी तिसरीपासून चष्मा लावूनही वाचलं नव्हतं.

चौकातल्या त्याच दुकानात गेले. चार वर्षांपूर्वी तिथे पेढे दिले होते, 'आता भेट नाही' असंही म्हणाले होते. काकांनी तक्ता हातात दिला, काचा बदलत बदलत प्लस सव्वावर थांबले आणि काही न बोलता फ्रेमचा ट्रे पुढे सरकवला.

मी पर्समधून रुमालात गुंडाळलेली जुनी काढली. "यात बसेल?"

त्यांनी मायनस सहाच्या जाड काचा अंगठ्याने दाबून काढल्या, टेबलावर ठेवल्या. फ्रेम उजेडात धरून बघितली. "दांडी जरा सैल झालीय," म्हणाले. "शनिवारी या."